न झालेल्या गोलांचा हिशेब

फुटबॉलच्या खेळात बचावपटूच्या वाट्याला एक चमत्कारिक उपेक्षा येते. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते, गोलरक्षकाची झेप छायाचित्रात टिपली जाते. परंतु जो गोल झालाच नाही, त्याची नोंद कोणत्या वहीत करावयाची? जपानचे निवृत्त बचावपटू मासामी इहारा यांची कारकीर्द न्याहाळताना हा प्रश्न आम्हांस पुनःपुन्हा पडतो.

इहारा यांचा जन्म १९६७ चा, शिगा प्रांतातला. त्सुकुबा विद्यापीठात शिकत असतानाच, १९८८ साली, ते राष्ट्रीय संघातून खेळू लागले. जपानातील वरच्या दर्जाचे फुटबॉल त्या काळी मुख्यतः कंपन्यांच्या संघांचे होते. १९९० मध्ये इहारा निस्सान मोटार्सच्या संघात आले आणि १९९३ मध्ये जे-लीग ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तोच संघ योकोहामा मारिनोस या नावाने मैदानात उतरला. दरम्यान १९९२ साली हिरोशिमा येथे जपानने प्रथमच आशिया चषक जिंकला होता. आता विश्वचषकाचे आजवर बंद राहिलेले दार उघडणार, अशी आशा साऱ्या देशाला वाटू लागली.

२८ ऑक्टोबर १९९३ रोजी दोहा येथे इराकशी अखेरचा सामना झाला. जिंकले की अमेरिकेतील विश्वचषकात प्रवेश निश्चित होता. नव्वद मिनिटे संपली तेव्हा जपान २-१ असा पुढे होता. वाढीव वेळेत इराकला कॉर्नर मिळाला. चेंडू आधी जवळच्या सहकाऱ्याकडे सरकवला गेला, तेथून उंचावरून गोलासमोर आला आणि हेडरने जाळ्यात गेला. सामना बरोबरीत सुटला. सौदी अरेबिया व दक्षिण कोरिया पुढे गेले. जपानी खेळाडू मैदानावरच कोसळले. ‘दोहाची शोकांतिका’ या नावाने तो दिवस जपानात आजही ओळखला जातो.

आघाडीच्या खेळाडूने एक संधी दवडली, तर पुढच्या गोलाने तो ती विसरायला लावतो. बचावपटूला ही सवलत नाही. अंगावर झालेला गोल काही केल्या परत घेता येत नाही. पुढच्या सामन्यात पुन्हा त्याच जागी उभे राहावे, एवढेच त्याच्या हाती असते.

इहारा त्या जागी उभे राहिले. १९९५ च्या जून महिन्यात लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडविरुद्ध त्यांनी हेडरने गोल केला; सामना मात्र जपानने १-२ असा गमावला. त्याच वर्षी मारिनोस जे-लीगचे विजेते झाले आणि आशियातील सर्वोत्तम खेळाडूचा मान या बचावपटूला मिळाला. १६ नोव्हेंबर १९९७ रोजी मलेशियातील जोहोर बाहरू येथे ते कर्णधार होते. इराणशी २-२ अशी बरोबरी झाल्यानंतर जादा वेळेत, ११८ व्या मिनिटाला, मासायुकी ओकानो यांनी गोल केला आणि जपान प्रथमच विश्वचषकास पात्र ठरला. इराकविरुद्ध दोहाच्या मैदानात उतरलेल्यांपैकी १९९८ साली फ्रान्सला खेळावयास गेले ते दोघेच: इहारा आणि मासाशी नाकायामा.

फ्रान्समध्ये जपान तिन्ही सामने हरला. अर्जेंटिना व क्रोएशियाने १-० असे, जमैकाने २-१ असे हरविले. जपानचा एकमेव गोल नाकायामा यांचा. गुणतक्त्यात शून्यच पडले. पण तिन्ही पराभव एकेका गोलाचे होते. प्रथमच विश्वचषकास आलेल्या या संघाची कोणी धूळधाण उडवू शकले नाही, हे श्रेय बचाव फळीला द्यावयास हवे.

घरातील कर्त्या माणसांचेही असेच असते. कर्ज झाले नाही, मुलांचे शिक्षण अडले नाही, म्हणून त्यांच्या गळ्यात कोणी हार घालीत नाही. जे टळले ते कोणाला दिसत नाही, आणि न दिसलेल्याचे आभार मानण्याची आपल्याकडे रीत नाही.

पुढे इवाता आणि उरावा येथील संघांतून खेळून इहारा २००२ मध्ये निवृत्त झाले आणि कालांतराने प्रशिक्षक झाले. देशासाठी त्यांनी १२२ सामने खेळले; हा जपानी विक्रम २०१२ पर्यंत अबाधित होता. त्या सामन्यांत त्यांच्या नावावर गोल आहेत अवघे ५. इतक्या वर्षांत, इतक्या संघनायकांना आणि प्रशिक्षकांना हा माणूस संघात हवासा का वाटला, याचे उत्तर त्या पाचांत सापडणार नाही.