सूर लावण्यापूर्वी

आमच्या माजघरात खिडकीखाली एक लांबट लाकडी खोके आहे. त्याच्या दर्शनी बाजूस ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या स्क्रूने बसविल्या असून त्यांवर फिरती बटणे, बारीक दिवे आणि तार खोचण्याची भोके आहेत. घरी येणारा पाहुणा नीट टेकण्यापूर्वीच "हे काय हो?" असे विचारतो. पूर्वी आम्ही हसून "आमच्या धाकट्याचे खूळ" असे उत्तर देत असू. ते उत्तर देणे आम्ही सोडले आहे. का सोडले, ते वाचकांस सांगावे असे पुष्कळ दिवस मनात होते. पण स्वतःच्या चुकीची हकीकत सांगावयाची म्हटले की लेखणी लवकर उठत नाही.

आमच्या गावच्या चर्चमध्ये आम्ही तीस वर्षे पेटी वाजवीत आलो आहोत. रविवारची मिस्सा, सणावारांचे गायन, लग्ने, अंत्यविधी, सर्व प्रसंगी त्या पेटीचे सूर आमच्या बोटांखालून गेले. त्यामुळे संगीत कशास म्हणावे हे आपणास पुरते कळते, असा समज मनात घट्ट बसला होता. धाकट्याने बेळगावास राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतला, तेव्हा सुट्टीत तो आमच्याजवळ बसून पेटी शिकेल आणि आमच्यामागे ही सेवा चालवील, अशी आमची आशा होती. तो सुट्टीत आला, तो हे रिकामे खोके घेऊनच.

सिंथेसायझर म्हणजे विजेपासून स्वर घडविणारे वाद्य. बाजारात मिळणाऱ्या कळफलकाच्या वाद्यात सारी यंत्रणा आत बंद असते. मॉड्युलर म्हणतात त्या प्रकारात मात्र प्रत्येक कामाचा तुकडा वेगळा असतो. ऑसिलेटर नावाचा तुकडा मूळ स्वर उत्पन्न करतो. तो स्वर कर्कश असतो; फिल्टर त्यातील नको तो भाग चहाच्या गाळण्यासारखा गाळून घेतो. तिसरा तुकडा आवाज लहानमोठा करतो, तर चौथा तो किती झपाट्याने उमटावा आणि किती सावकाश विरावा हे ठरवितो. हे तुकडे आखूड तारांनी एकमेकांस जोडावे तेव्हा वाद्य बोलू लागते. एकटा कोणताही तुकडा फारसा उपयोगाचा नाही. पुष्कळ हौशी माणसे हे तुकडे घरीच बनवितात. छापील बोर्ड मागवावा, रोध, कपॅसिटर आणि आठ पायांच्या चिप्स जमवाव्यात, आणि रात्री जागून सोल्डर करावे, असा तो उद्योग आहे. आमचा मुलगा शिकवण्या करून मिळविलेले पैसे त्यात घालीत असे.

त्याच्या आईच्या वाढदिवशी चार नातेवाईक जमले होते. मुलाने मोठ्या उमेदीने खोके चालू केले. आतून एक खोल स्वर निघाला आणि हळूहळू वर चढत गेला. पाहुण्यांपैकी कोणी थट्टेने "मास्तर, आता पेटी मोडीत काढा," असे म्हणाले. ती थट्टा आम्हांस झोंबली. आम्ही सर्वांदेखत म्हणालो, "पेटी शिकला असता तर गावाच्या कामी आला असता. या डबड्यातून निघतो तो नुसता गोंगाट. देवाने दिलेले दिवस भंगारात घालवू नयेत." मुलाने एक शब्दही उलट काढला नाही. त्याने बटण बंद केले आणि एकेक तार गुंडाळून ठेवली. पंधरवड्याने नोकरीनिमित्त तो पुण्यास गेला. खोके न्यावयास खोलीत जागा नाही, असे आईस सांगून गेला.

त्यानंतर अकरा महिने आम्हां दोघांत सरळ बोलणे झाले नाही. तो आईस फोन करी, "बाबा बरे आहेत ना?" असे विचारी, आणि आमची मंडळी दोन्हीकडचे निरोप पोहोचवीत. घरात भांडण नव्हते, पण बोलणेही नव्हते. वाचकहो, असा अबोला भांडणाहून अधिक टिकतो, कारण तो मिटविण्यास काही निमित्तच सापडत नाही.

मग उपवासकाळ आला. एका रविवारी फादरांनी प्रवचनात प्रभूच्या त्या वचनाचा विषय घेतला, ज्यात वेदीवर दान अर्पण करण्यापूर्वी रुसलेल्या भावाशी समेट करावयास सांगितले आहे. अर्पणाचे गीत त्याच्यामागोमाग होते. आमचे दान म्हणजे ती पेटी. भाता हलला, बोटे पट्ट्यांवर पडली, पण मन तेथे राहिले नाही. त्या दिवशी दुपारी आम्ही ते खोके उघडले.

आत एक बोर्ड अर्धा झालेला होता. सोबत मुलाची वही होती. प्रत्येक सुटा भाग कोठे बसवावयाचा ते तीत टापटिपीने लिहिले होते, आणि उरलेले भाग लहान पाकिटांत नावे घालून ठेवले होते. ज्यास आम्ही खूळ म्हणत होतो ते काम आमच्या चर्चच्या हिशेबवहीहूनही नीटनेटके होते. राहिलेला तुकडा ऑसिलेटरचा, म्हणजे स्वर उत्पन्न करणारा. तो आपण पुरा करावा असे मनाने घेतले. पत्र लिहिण्याचे धैर्य नव्हते. हे काम हातून होण्यासारखे वाटले.

होण्यासारखे वाटले, इतकेच. रोधाच्या अंगावर रंगांचे पट्टे असतात आणि त्यांवरून त्याचे मूल्य वाचावयाचे असते. तपकिरी, काळा, काळा, नारिंगी असे पट्टे असले तर एक लाख ओहम. नारिंगीच्या जागी तांबडा असला तर दहा हजार. संध्याकाळच्या उजेडात आमच्या डोळ्यांनी तांबड्यास नारिंगी मानले. तुकडा चालू झाला, खालचा स्वर निघाला, आणि एक सप्तक वरची पट्टी दाबताच आवाज नाहीसाच झाला! या वाद्यात एका व्होल्टास एक सप्तक असे प्रमाण ठरलेले आहे. आमच्या चुकीने ते एका व्होल्टास दहा सप्तके झाले होते, आणि स्वर माणसाच्या कानाच्या पलीकडे निघून गेला होता. भिंग घेऊन शोधले तेव्हा दोन दिवसांनी तो तांबडा पट्टा सापडला. पुढच्या आठवड्यात विजेची चपटी तार उलटी बसली. तिची तांबडी कड उणे बारा व्होल्टाच्या बाजूस यावयास हवी, ती अधिक बाजूस गेली. जळका वास आला आणि एक चिप कामातून गेली. चिपेची किंमत थोडी, पण ती आणावयास बेळगावची एक खेप पडली. मुलगा रात्र रात्र का जागत असे, ते त्या खेपेत एस. टी.च्या बाकावर बसून आम्हांस उमगले.

या वाद्याची माहिती शोधता शोधता एक हकीकत आमच्या वाचनात आली. १९४९ साली अमेरिकेत न्यू यॉर्क शहरात रॉबर्ट मूग नावाच्या शाळकरी मुलाने मासिकातील आराखड्यावरून थेरेमिन नावाचे, हात न लावता वाजणारे वाद्य बनविले. त्याचे वडील जॉर्ज मूग वीज कंपनीत इंजिनियर होते आणि घराच्या तळघरात त्यांचे कामाचे टेबल होते. पुढे बापलेकांनी मिळून थेरेमिन तयार करून विकण्याचा धंदा काढला. याच रॉबर्टने १९६४ साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साहाय्याने मॉड्युलर सिंथेसायझरचा पहिला नमुना सिद्ध केला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला हेही अशाच कामात गढलेले होते. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी मूगच्या वाद्यावर बाखचे संगीत वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. बाख म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजविणारा माणूस, आमच्याच पंथाचा म्हणा! आणि १९६९ साली हे वाद्य अहमदाबादेस नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्येही आले. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने ते तेथे मांडून दिले, आणि गीता साराभाई प्रभृतींनी त्यावर संगीतरचना केल्या. १९९० नंतरच्या दशकात जर्मनीतील डीटर डोप्फर यांनी लहान आकाराचे तुकडे बाजारात आणले. ते माप इतरांनीही स्वीकारले, म्हणून आज कोणाही हौशी माणसाचा तुकडा दुसऱ्याच्या खोक्यात बसतो. या साऱ्या इतिहासात आमचे मन मात्र त्या तळघरापाशीच घोटाळत राहिले. तो बाप मुलाच्या कामात शेजारी उभा राहिला होता. आम्ही पाहुण्यांत बसून मुलास हिणविले होते.

झावळ्यांच्या रविवारापर्यंत तुकडा पुरा झाला. राहिले सूर लावणे. येथे तरी आपण कमी पडणार नाही, अशी आमची खात्री होती. दोन स्वर जवळजवळ सारखे असले, पण पुरते जुळले नसले, म्हणजे आवाज लाटांसारखा कमीजास्त होतो. सेकंदास दोन कंपनांचा फरक असला तर सेकंदास दोन लाटा. सूर मिळाला की लाटा थांबतात. पेटीची जोडपत्ती मिळविताना आम्ही आयुष्यभर याच लाटा ऐकल्या. पेटीचा स्वर धरून आम्ही बारीक स्क्रूड्रायव्हरने बोर्डावरचा स्क्रू फिरवू लागलो. खालची दोन सप्तके जुळली. तिसरे कमी पडले. तिसरे जुळवावे तर पहिले सरकले. रात्री सारे जुळवून ठेवावे आणि सकाळी पाहावे तो सर्वच सूर उतरलेले! तीन दिवस हा खेळ चालला. पवित्र गुरुवार दाराशी आला, आणि आमच्यापाशी एकच उपाय उरला.

आम्ही पुण्यास फोन लावला. "आईला देऊ का?" असे विचारावयास तो नव्हता, तो नुसता गप्प राहिला. आम्हीही प्रास्ताविक केले नाही. "तुझा तो ऑसिलेटर," आम्ही म्हणालो, "त्याचे तिसरे सप्तक जुळत नाही आणि रात्रीचा सूर सकाळी राहत नाही. काय करावे?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारले, "बाबा, तो पूर्ण कोणी केला?"

"आम्ही."

"चालू केल्यावर लगेच सूर लावता का?"

"लगेच लावतो."

"तसा लावू नका. त्यात दोन ट्रान्झिस्टरची जोडी आहे. सुमारे अठरा मिलिव्होल्टचा फरक पडला तरी स्वर दुप्पट होतो, आणि हा आकडा उष्णतेने बदलतो. आधी अर्धा तास नुसता चालू ठेवा. डोक्यावरचा पंखा बंद करा. बोट लावू नका. थंड असताना लावलेला सूर टिकत नाही, बाबा."

आम्ही बरे म्हटले. फोन खाली ठेवावयाचा, पण हात खाली गेला नाही. "त्या दिवशी चारचौघांत बोललो ते चुकलेच आमचे," असे कसेबसे बोललो. तो म्हणाला, "आधी सूर लावून घ्या. मग बोलू." आवाज भरून आलेला होता, पण त्यात हसू होते.

त्याने सांगितले तसे केले. चैत्रातल्या उकाड्यात पंखा बंद करून, हातांची घडी घालून, अर्धा तास त्या खोक्यासमोर बसून राहिलो. इतका वेळ मुलासमोर मुकाट्याने आपण कधी बसलो होतो काय, हा प्रश्न त्या अर्ध्या तासात मनात आल्यावाचून राहिला नाही. नंतर स्क्रू फिरविला. लाटा सावकाश होत होत थांबल्या, आणि सकाळीही बहुतेक सूर तेथेच होता.

मे महिन्यात तो घरी आला. त्याने पट्टी उघडून आमचे काम दिव्यापाशी धरले आणि दोन सांधे दाखविले. "हे मंद दिसतात ना, ते नीट तापले नव्हते," असे म्हणून त्याने ते पुन्हा सोल्डर केले. आम्ही शेजारी बसून दिवा धरला. पेटी तो अजून शिकलेला नाही, आणि त्याच्या खोक्यातून निघणारे सगळेच आवाज आम्हांस आवडतात असेही नाही. चर्चमध्ये पेटीच वाजते. पण हल्ली कोणी पाहुण्याने "हे काय हो?" म्हणून विचारले, तर आम्ही सांगतो, "हे आमच्या धाकट्याचे वाद्य. थोडे थांबा, त्याला तापू द्या. मग ऐका."