पंख न हलवणारा पक्षी

माझे बाबा बोटीवर होते. आमच्याकडे कोकणात "ते बोटीवर आहेत" एवढं सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही. नऊ महिने तिकडे, तीन महिने इकडे. ते घरी आले की पहिले दोन-तीन दिवस मी आईच्या मागे लपायचो, इतकी ओळख पुसली गेलेली असायची! मग हळूहळू गोष्टींचा रतीब सुरू. त्यातली एक मला कधीच पटली नाही. जपानहून अमेरिकेला जाताना एक पांढरा पक्षी म्हणे दिवसचे दिवस बोटीच्या मागे येतो आणि पंख हलवतच नाही. मी तेव्हा सहावीत, विज्ञानात पैकीच्या पैकी वगैरे. "काहीही काय बाबा!" म्हणून मोकळा झालो. बाबा नुसते हसले.

तर मंडळी, बाबा खरं बोलत होते. (जवळजवळ.)

तो पक्षी म्हणजे लेसन आल्बट्रॉस. उत्तर पॅसिफिकचा रहिवासी. वजन तीन किलोच्या आसपास, पण पंख पसरले की दोन मीटर. खांद्यात एक स्नायूबंध असतो, पंख उघडले की तो जवळजवळ लॉक होतो, त्यामुळे ते ताणून धरायला फारशी ताकद लागत नाही. पण खरी गंमत वाऱ्यात आहे. पाण्याला घासल्यामुळे समुद्रालगतचा वारा मंद असतो आणि जरा वर गेलं की जोरात. हा गडी वाऱ्याकडे तोंड करून वर चढतो, वरच्या जोरदार वाऱ्यात वेग कमावतो, मग वळून वाऱ्याबरोबर खाली घसरतो, लाटेला पंखाचं टोक लागेल की काय असं वाटत असतानाच पुन्हा वर. फुकटात पेट्रोल! लॉर्ड रॅले ह्या शास्त्रज्ञाने १८८३ मध्येच ह्यामागचं गणित मांडलं होतं. मी सहावीत असायच्या शंभरएक वर्षं आधी. आणि तहान? समुद्राचं खारं पाणी पोटात गेलं की डोळ्यांवरच्या ग्रंथी जास्तीचं मीठ बाजूला काढतात आणि ते चोचीवरून टपकतं.

जमिनीवर मात्र ह्यांचं ध्यान बघवत नाही. उतरताना कोलांट्या काय, चालताना झोकांड्या काय. मिडवे बेटावरच्या अमेरिकन सैनिकांनी नाव ठेवलं गूनी बर्ड, म्हणजे आपल्या भाषेत बावळट. ह्या मिडवेची कथा आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. जगातले बहुसंख्य लेसन आल्बट्रॉस ह्या एवढ्याशा बेटावर घरटी करतात, आणि अमेरिकन नौदलाने नेमका तिथेच विमानतळ केला. विमानांवर पक्षी आपटायला लागले. मग उपाय सुरू. धावपट्टीजवळच्या वाळूच्या टेकड्या सपाट केल्या, कारण त्यांच्यावरून वर चढणाऱ्या वाऱ्यावर हे तरंगायचे. हजारो पक्षी मारलेसुद्धा. आणि १९५० च्या दशकात एक भन्नाट प्रयोग झाला. १८ पक्षी विमानात घालून पॅसिफिकच्या चारी कडांना नेऊन सोडले, बघू परत येतात का. १८ पैकी १४ परत आले! अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातून एक जण पाच हजारांहून जास्त किलोमीटर कापून १० दिवसांत घरट्यावर हजर. फिलिपिन्सहून सोडलेला साडेसहा हजार किलोमीटर उडून ३२ दिवसांनी पोचला. बग दुसऱ्याच्या मशीनवर ढकलला की सुटला असं समजणाऱ्यांनी हे प्रिंट काढून क्युबिकलमध्ये लावावं.

अंड्यासाठी येतात ते. वर्षाला फार तर एकच अंडं, फुटायला साधारण ६५ दिवस. मादी अंडं घालते आणि लगेच समुद्रावर निघून जाते, पहिली मोठी पाळी नराची. दोन-तीन आठवडे तो न खाता न पिता बसून. मग ती येते, हा जातो. पिल्लू झालं की दोघं आळीपाळीने हजारो किलोमीटरवरून माकूल आणि माशांची अंडी पोटात भरून आणतात. आता त्यात प्लास्टिकही येतं. सिगरेट लायटर, बाटल्यांची झाकणं. उडत्या माशाची अंडी तरंगत्या तुकड्याला चिकटलेली असतात, ती खाताना तुकडाही जातो, आणि आईबाप मोठ्या प्रेमाने तो पिल्लाला भरवतात. ख्रिस जॉर्डनने २००९ पासून मिडवेवर काढलेले फोटो बघा. म्हणजे, नका बघू.

मिडवेवर विस्डम नावाची एक मादी आहे. १९५६ मध्ये चँडलर रॉबिन्सने तिच्या पायात कडं घातलं तेव्हाच ती किमान पाच वर्षांची असणार. ४६ वर्षांनी, २००२ मध्ये, त्याच माणसाच्या हातात पुन्हा तीच सापडली. २०११ च्या त्सुनामीत मिडवेवरची लाखभर पिल्लं गेली, तिचं वाचलं. पुढे तिचा अनेक वर्षांचा जोडीदार यायचा बंद झाला. ती मात्र दर हिवाळ्यात येत राहिली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तिने नव्या जोडीदाराबरोबर अंडं घातलं. जानेवारी २०२५ मध्ये पिल्लूही झालं. वय वर्षं ७४!

हवाईचे मूळ लोक ह्या पक्ष्याला मोली म्हणतात. नोव्हेंबरात कृत्तिका संध्याकाळी उगवायला लागल्या की त्यांचा मकाहिकी हा सुगीचा उत्सव सुरू व्हायचा, पावसाचा देव लोनो ह्याचा. एका उंच काठीला आडवी दांडी, तिच्यावर पांढरं वल्कल आणि आल्बट्रॉसची पिसं, अशी लोनोची मूर्ती बेटभर फिरायची. पक्षी समुद्रावरून परत यायचेही तेच दिवस. पालखी आणि गुढी एकत्र केल्यासारखं काहीतरी माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मी कॅलिफोर्नियात असताना, २०२३ च्या डिसेंबरात, आईला घेऊन ओआहू बेटावर गेलो. बाबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. बेटाच्या पश्चिम टोकाला काएना पॉइंट आहे. गाडीरस्ता संपल्यावर तासभर पायी, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला फेसाळता समुद्र. उंदीर-मुंगूस-कुत्री आत जाऊ नयेत म्हणून २०११ मध्ये बांधलेलं कुंपण, त्याला दोन दारं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आई म्हणाली, "बँकेच्या लॉकरसारखं आहे रे."

आत झुडपांत पक्षी बसलेले, निवांत, आपल्याकडे ढुंकूनही न बघणारे. आई पायवाटेवरच एकासमोर थांबली.

"हा किती दिवस बसलाय?"

"असेल पंधरा-वीस दिवस."

"आणि खातो काय?"

"काही नाही."

"आणि ती?"

"समुद्रावर. येईल."

"कधी ते ह्याला माहीत नाही."

"नाही."

"तारही नाही येत," आई म्हणाली आणि पुढे चालू लागली.

इथल्या बऱ्याच जोड्यांत दोन्ही माद्याच असतात, २००८ च्या अभ्यासात ३१ टक्के निघाल्या, नर कमी पडतात म्हणून. हे मी आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "आपल्या वाडीत तरी काय वेगळं होतं? सगळे पुरुष मुंबईला नाहीतर बोटीवर. मी आणि तुझी काकू, दोघींनीच वाढवलं ना तुम्हाला." मी गप्प.

टोकाला एक मोठा खडक आहे. हवाईच्या लोकांच्या समजुतीप्रमाणे माणूस गेला की त्याचा आत्मा इथे येतो आणि इथून पितरांकडे उडी घेतो. हे तिला सांगावं की नाही ह्याचा मी तासभर विचार करत होतो. तिनेच विचारलं, "ह्या दगडाचं काय?" सांगितलं. ती बराच वेळ समुद्राकडे बघत बसली. मी पाण्याची बाटली उघडली, बंद केली, परत उघडली.

तेवढ्यात डोक्यावरून एक आला. वाऱ्यावर पंख ताठ, कलंडून खाली लाटांपर्यंत, परत वर, लांब वळण घेऊन पुन्हा आमच्याकडे. आईने पदर डोळ्यांवर धरून उन्हात मान वळवत वळवत त्याला सोडलाच नाही. चार फेऱ्या. पाचवी.

"हलवला! हलवला बघ एकदा," ती एकदम म्हणाली. "ह्यांचं आपलं काहीतरीच."