नजरगहाण

ट्रॅक्टरच्या आरसी बुकावर एका कोपऱ्यात ‘एच.पी.ए.’ अशी तीन अक्षरं होती. बारा वर्षं मी समजत होतो, ते हॉर्सपॉवरचं काहीतरी असणार. ट्रॅक्टर 35 एच.पी.चा, मग दुसरं काय असणार? मी 1978 साली दहावी पास झालेला माणूस. गावात चारचौघांचे अर्ज लिहून देणारा. कुणाला विचारायचं म्हणजे लाज वाटायची.

2009 साली बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. सहामाही हप्ते होते. 2016 च्या मार्चात शेवटचा हप्ता भरला, घरी येताना पेढे आणले, पावती ट्रंकेत ठेवली. सुटलो म्हटलं.

2021 साली आमच्या मंडळींच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. ट्रॅक्टर विकायला काढला. शेजारच्या गावचं गिऱ्हाईक आलं, दोन लाख दहा हजाराला सौदा ठरला, इसारही घेतला. पण आरटीओची कामं करणाऱ्या पोरानं कागद बघून मान हलवली.

“काका, यावर बँकेचा बोजा हाय. हायपोथिकेशन उतरवलंच नाही तुम्ही.”

“आरं, सगळं कर्ज फेडलंय की!”

“ते बँकेला ठावं. आरटीओला कुणी सांगितलं?”

मी गप्प. सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजा कमी झाला का, हे दरसाल तलाठ्याकडं जाऊन बघणारा मी. ट्रॅक्टरच्या कागदावरही तसाच बोजा चढतो, हे डोक्यात आलंच नव्हतं.

संध्याकाळी नातीला तो शब्द विचारला. ती कॉमर्सला आहे. म्हणाली, “आबा, सोनं तारण ठेवलं की ते बँकेच्या तिजोरीत जातं. हायपोथिकेशनमध्ये वस्तू आपल्याकडंच राहते, आपणच वापरायची. पण कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर बँकेचा हक्क. हप्ते थकले तर ती ओढून नेणार, आणि बँकेला विचारल्याशिवाय आपल्याला विकता येत नाही. शब्द ग्रीकमधनं आलाय. हायपो म्हणजे खाली, आणि पुढचं म्हणजे ठेवणं.”

“अगं, मग हे तर नजरगहाण!” मी म्हणालो.

हा शब्द मी लहानपणी अण्णांच्या तोंडून ऐकलेला. 1972 च्या दुष्काळात चुलत्यांचं रान ताबेगहाण गेलं. सावकारच ते पिकवायचा, आणि चुलते आपल्याच बांधावर रोजानं कामाला. अण्णांनी बैलजोडी नजरगहाण लिहून दिली. बैल आमच्या गोठ्यात, वैरण आमची, औत आमचं. अण्णा म्हणायचे, “बैल आपलं, पण त्येंच्यावर नजर सावकाराची.” पैसे फिटले त्या दिवशी अण्णा सावकाराच्या ओसरीवरनं उठलेच नाहीत. अंगठा दिलेला कागद हातात पडल्यावरच घरी आले, फाडून चुलीत घातला आणि मग पाणी प्याले.

अण्णांना सही येत नव्हती. कागद परत आणायचा असतो, एवढं त्यांना कळत होतं. मला सही येत होती, म्हणून मी चार ठिकाणी न वाचता केली.

पुढं बँकेत खेटे सुरू झाले. साहेब बदललेले, जुनं खातं सापडेना. कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म नंबर 35 मिळेपर्यंत दोन महिने गेले. गिऱ्हाईक इसार परत घेऊन गेलं. ऑपरेशन लांबलं. मंडळी भिंतीला धरून चालायच्या, पण एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ज्यांची गाडी किंवा ट्रॅक्टर कर्जावर आहे त्यांना सांगतो. शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं नाही. बँकेकडून दाखला घ्या, फॉर्म 35 वर त्यांची सही-शिक्का घ्या, आरसी आणि विम्याच्या कागदासकट आरटीओत द्या. आरसीवरनं बँकेचं नाव गेलेलं डोळ्यांनी बघा. विम्यावरचंही काढून घ्या. नाहीतर उद्या काही झालं तर भरपाईच्या वेळी पुन्हा बँकेच्या पायऱ्या.

ट्रॅक्टर शेवटी पंचवीस हजार कमीनं गेला. ऑपरेशन झालं. बोजा उतरल्याचा कागद मी घरी आणला तेव्हा मंडळींना अण्णांची गोष्ट आठवली असावी. चुलीपुढनंच म्हणाल्या, “ह्यो जाळू नका. झेरॉक्स काढून ठिवा.”