थेंबाचा माग

पोलादपूर, एप्रिल. फार्महाऊसच्या तरणतलावाचं पाणी आज पुन्हा दोन बोटं खाली. व्हॉल्व्ह ‘फिल्टर’वर, तरी बॅकवॉशच्या पाइपातून बारीक धार. म्हणजे दुखणं मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच्या पोटात. मोटार आणि कॉक बंद केले, दाब उतरवला, झाकण उघडलं. चाकाच्या आऱ्यांसारखं ते गॅस्केट एका आरीवर चपटं झालेलं, खाली वाळूचे कण. खाच पुसून नवं बसवलं, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं. चालू मोटारीत हँडल फिरवलं की गॅस्केट उचकटतं. पोरांना पुन्हा बजावलं.

धार थांबली, जीव निवला. उन्हाळ्यात इथल्या वाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेलं पाणी आठवतं. या मुलखात थेंब वाया जाऊ देववत नाही.