लग्नाआधीची फाईल

वय ३३, अविवाहित, सिटी सेंटरमध्ये खासगी नोकरी, घरी आई आणि मी. माझा बायोडेटा एवढ्यातच संपतो. लष्करातलं भाड्याचं जुनं घर सोडून आम्ही इकडे राहायला आलो, त्यालाही आता सात वर्षं झाली.

स्थळं बघायला लागलो तेव्हा लग्नाची तयारी म्हणजे फ्लॅट, गाडी आणि हॉलचा खर्च, असं माझं गणित होतं. गाडी तर मी हप्त्यांवर घेऊनही टाकली. बायोडेटात गाडी आली, हप्ता काही आला नाही.

गेल्या वर्षी घराजवळच्याच कॅफेत एका मुलीला भेटलो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने सरळ विचारलं, "तुमच्यावर कर्ज किती आहे?"

पगार सगळेच विचारतात. कर्ज कोणी विचारलं नव्हतं. मी गाडीचा हप्ता सांगितला, क्रेडिट कार्डाची थकबाकी गिळून टाकली. तिने मात्र स्वतःच्या शैक्षणिक कर्जाचा आकडा सांगितला, लग्नानंतरही दरमहा वडिलांना पैसे देणार हेही सांगितलं. मग म्हणाली, "उद्या तुम्हाला काही झालं, तर कुठे काय आहे ते तुमच्या आईंना माहीत आहे का?"

ते स्थळ जमलं नाही. तिला पुण्याला जायचं होतं, मला आईला सोडून जाता येणार नव्हतं. तिचा प्रश्न मात्र माझ्यासोबत घरी आला.

खरं तर तो मला आधीच पडायला हवा होता. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यांचं मुख्य खातं लग्नाआधीचं, त्यावर नॉमिनी आजी, आणि आजी त्यांच्याही आधी गेलेली. आईने आठ महिने कागदपत्रांसाठी चकरा मारल्या. त्या काळात माझी फी मामाने भरली. एवढं पाहूनही माझ्या पीएफमध्ये नॉमिनीची नोंदच नव्हती! त्या रात्री तपासलं तेव्हा लाज वाटली.

आपल्या इथल्या आजोबांच्या पिढीत अनेकांना आधी संस्थानची, मग सरकारची नोकरी होती आणि मागे पेन्शन होती. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या नागरी नोकऱ्यांतही जुनी पेन्शन उरली नाही. खासगी नोकरीत तर आपलं म्हातारपण आपणच बांधायचं.

मी सुरुवात क्रेडिट कार्डापासून केली, कारण त्याच्या व्याजापुढे कोणतीच बचत टिकत नाही. मग सहा महिन्यांचा घरखर्च मुदतठेवीत ठेवला. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, म्हणून आईचा वेगळा काढला. पीपीएफमध्ये महिन्याला ५,००० रुपये टाकतो. १५ वर्षांत ९ लाख भरले जातील आणि सध्याचा ७.१ टक्के दर टिकला तर हातात साधारण १६ लाख येतील.

टर्म इन्शुरन्स घेतला, पण लहान. आई माझ्यावर अवलंबून आहे, तेव्हा लग्न होईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. मोठी पॉलिसी लग्नानंतर घेईन. १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली नवऱ्याने पत्नी-मुलांसाठी घेतलेल्या पॉलिसीचे पैसे त्याच्या सावकारांच्या हाती जात नाहीत. मात्र हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो.

आणखी एक गोष्ट मला नव्याने कळली. बँक खात्याचा नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी वारसांचीच राहते. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता मी आज गेलो तर पहिल्या वर्गाची वारस फक्त आई. लग्नानंतर आई, पत्नी आणि मुलं यांचे वाटे समान. म्हणून लग्न झालं की सगळीकडची नावं पुन्हा तपासायची आणि मृत्युपत्र करायचं, असं ठरवलं आहे.

हे सगळं एका फाईलमध्ये लावलं आणि एका रविवारी आईला घेऊन बसलो. तिने निमूटपणे सगळं ऐकलं. मग उठली आणि कपाटातून स्वतःच्या मुदतठेवीची पावती घेऊन आली.

"ही तुझ्या लग्नाच्या हॉलसाठी ठेवली आहे," म्हणाली.

तिची सगळी पुंजी तेवढीच होती. एका संध्याकाळच्या जेवणावळीत ती संपली असती.

"आई, ही तुझी आहे. हॉल छोटा घेऊ," मी म्हटलं.

"लोक काय म्हणतील?"

"जेवून जातील."

ती हसली. पावती फाईलमध्ये लावली, नॉमिनीपुढे माझं नाव आहे ना ते दोनदा पाहिलं.

लग्न कधी होईल, माहीत नाही. मात्र पुढच्या भेटीत कर्जाचा आकडा मी आधी सांगणार आहे. गाडीचे अकरा हप्ते उरलेत.