पिंपळामागची चाळ

तुमच्या घराचा पत्ता अनोळखी माणसाला भर अंधारात सापडेल, असा सांगता येईल तुम्हांला? हसू नका! आम्हांला नव्हता सांगता आला.

२६ जुलै २००५. मी सातवीत होते. आम्ही बदलापुरात राहायचो. पावसानं उल्हास नदी फुगली आणि रात्री पाणी घरात शिरलं. आम्ही मुलं शेजारच्या माडीवर गेलो. आजीला मात्र जिना चढवेना. तिला ओट्यावर बसवून आई कमरेएवढ्या पाण्यात तिला धरून उभी राहिली. बाबा मदतीला माणसं शोधत निघाले. एक होडी दिसली, पण भरलेली.

‘‘यांना सोडून येतो. पत्ता सांगा!’’

‘‘पिंपळामागची चाळ!’’ बाबा ओरडले.

होडीवाले बाहेरगावचे. ते परत आले, पण गेले दुसऱ्याच पिंपळाकडे. आजी सुखरूप बाहेर आली ती पहाटे.

आज मोबाईल उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा अक्षांश-रेखांशात सांगतो. इस्रोनं २०२२ साली सोडलेल्या ईओएस-०४ उपग्रहावरचं रडार ढगांतूनही जमिनीवरचं पाणी टिपतं. नदीच्या नकाशावर पूररेषा आखतात : निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या.

मग माणसांचं काम संपलं का? छे! २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. सुमारे १,०५० प्रवासी होते. सगळे वाचले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदल आलं, तसे आसपासचे गावकरीही धावले. पाण्याखाली बांध कुठे नि खड्डा कुठे, हे गावातल्या माणसालाच ठाऊक असतं. आणि कुठल्या घरातल्या आजीला जिना चढवत नाही, हे आकाशातून दिसत नाही.

म्हणून उल्हासनगरातल्या माझ्या चौथीच्या मुलांनी आपापल्या गल्लीचा नकाशा काढला. पाणी आधी कुठे तुंबतं, उंच इमारत कुठली, कुणाला आधी हात द्यायचा, सगळं घरोघरी विचारून मांडलं.

एकानं विचारलं, ‘‘बाई, खूण म्हणून झाड दाखवू?’’

‘‘दाखव. पण शेजारी अक्षांश-रेखांशही लिही.’’

आमचा तो पिंपळ रस्ता रुंद करताना गेला. आकडे मात्र जागचे हलत नाहीत.

तुम्हीही या रविवारी आईबाबांना घेऊन बसा. नकाशा काढा, त्यावर ११२ हा मदतीचा क्रमांक लिहा आणि कागद दारामागे उंचावर चिकटवा. मोबाईलची बॅटरी संपली, तरी तो तिथं असेल.