मोहऱ्यांची किंमत

बुद्धिबळ शिकवताना आपण मुलांकडून एक तक्ता पाठ करून घेतो. प्याद्याला १ गुण, घोडा आणि उंट ३-३, हत्ती ५, वजीर ९. मारामारीत नफा की तोटा हे चटकन कळायला तो उपयोगी पडतो, यात शंका नाही.

पण गंमत पाहा. पटाच्या मध्यावरचा घोडा आठ घरांवर नजर ठेवतो. तोच कोपऱ्यात गेला की उरतात दोन घरं! गुण मात्र तीनच. एकटा उंट एकाच रंगाच्या घरांत फिरतो. दुसरा सोबत असला की दोघांचा मिळून सारा पट होतो. म्हणजे मोल जागेवर आणि सोबतीवरही ठरतं. वर्गात इतकी वर्षं काढल्यावर हे मला मुलांच्या बाबतीतही पटलं आहे.

आमचं एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं इथे मानतात. बकासुराकडे कुणाला पाठवायचं, हा प्रश्न तिथल्या एका ब्राह्मणाच्या घरात उभा राहतो. बापाला कुणालाच देववत नाही. आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मी जाते. बोबडं पोर तर गवताची काडी घेऊन राक्षसाला मारायला निघतं!

पटावर डाव जिंकण्यासाठी प्यादं बळी देणं ही हुशारी असते. त्या घराला मात्र आपल्यातलं प्यादं कोण, हे ठरवता आलं नाही.

मित्रहो, त्या तक्त्यात राजापुढे आकडा नसतो. तो गेला की डावच संपतो. घरात सगळेच राजे असतात.